पायांना विजेची जोड

पन्नाशी उलटल्यावर मी सायकल सोडली ती घराजवळच्या एका चढामुळे. सपाट रस्त्यावर काही अडत नव्हते. पण चढ आला की खाली उतरायचे, सायकल ढकलत न्यायची आणि मागच्या रिक्षावाल्याचे ‘काका, बाजूला व्हा’ ऐकायचे, हे नकोसे झाले. एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात माझ्यासारखे पुष्कळ असतील. म्हणूनच विजेच्या सायकलीचा इतिहास मी जरा आपुलकीने वाचला.

हा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलीचे पेटंट मिळाले. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, बॅटरी सांगाड्यात. कल्पना उत्तम, पण त्या काळच्या बॅटऱ्या जड. शिवाय मोटरने पायांची जागा घ्यावी, असाच विचार होता. आणि त्या कामाला लवकरच पेट्रोलचे इंजिन आले.

खरे वळण आले १९९३ मध्ये, जपानात. यामाहा कंपनीने ‘पास’ नावाची सायकल बाजारात आणली. तिच्यातला सेन्सर पॅडलवर पडणारा पायाचा जोर मोजी. ताशी १५ किलोमीटरपर्यंत जेवढा जोर पायांचा तेवढाच मोटरचा. पुढे मोटरचा वाटा घटत घटत २४ किलोमीटरला शून्य. पाय थांबले की मोटरही थांबे. त्यामुळे कायद्याच्या लेखी ती सायकलच राहिली, लायसन्सची गरज उरली नाही. बोल्टननंतर जवळजवळ शंभर वर्षांनी मोटरला पायांच्या हाताखाली काम मिळाले, असे मला वाटते!

याचा फायदा किती, याचा हिशेब मी करून पाहिला. मी आणि सायकल मिळून ९० किलो धरा. वीस मीटरला एक मीटर उंची वाढणारा चढ ताशी १२ किलोमीटरने चढायला सुमारे १५० वॉट लागतात. साधारण माणूस बराच वेळ ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. म्हणजे कमी पडतो तो थोडासाच वाटा, आणि तेवढ्यासाठी माणूस सायकल सोडून देतो. तो वाटा मोटर उचलते. उरलेला पायांनाच ओढावा लागतो, म्हणून व्यायाम चुकत नाही, दम मात्र तुटत नाही.

जपानात ही गोष्ट आयांनी फार लवकर ओळखली. मूल पुढे, सामान मागे, आणि समोर चढ! २००८ मध्ये तिथल्या नियमांत बदल होऊन कमी वेगात मोटरला पायांच्या दुप्पट जोर देण्याची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी, ठरावीक मजबुतीच्या सायकलीवर दोन लहान मुलांना बसवण्यासही परवानगी मिळाली.

आपल्याकडेही मोटर २५० वॉटपेक्षा कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटरला किंवा पाय थांबताच तिची मदत बंद होत असेल, तर अशी सायकल मोटार वाहनांत मोडत नाही. नियमांतला तो भाग वाचला आणि मी एक घेऊन टाकली.

आता चढावर उतरावे लागत नाही. घाम येतो, पण वर पोहोचल्यावर बोलता येते. तक्रार एकच. बॅटरी चार्ज करायला घरी न्यावी लागते, घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.