दातवण, राखुंडी आणि मशेरी

पांढरेशुभ्र दात म्हणजेच निरोगी दात, हे समीकरण आज सर्वांच्या मनात इतके पक्के बसले आहे की, एके काळी मराठी सुवासिनी आपले दात मुद्दाम काळे करीत असत ही गोष्ट नव्या पिढीस सांगूनही खरी वाटणार नाही. कुंकू व बांगड्या यांच्या जोडीला दातवण हेही शृंगाराचे साधन मानले जाई. हिराकस, मायफळ, हिरडा अशा पदार्थांची ही पूड. हिराकशीतील लोह आणि मायफळ-हिरड्यातील तुरट द्रव्य यांचा संयोग झाला की गडद काळा रंग तयार होतो. युरोपात कित्येक शतके लिहिण्याची शाई याच संयोगातून निघत असे. जपानी स्त्रियाही लोह आणि तुरट द्रव्य यांच्याच योगे दात काळे करीत. १८७३ मध्ये तेथील सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली, आणि तेथून ती प्रथा मागे पडत गेली. तात्पर्य, दातांचे सौंदर्य कशात आहे याविषयीची समजूत काळाबरोबर पार उलटी होऊ शकते.

आरोग्याचे नियम मात्र असे उलटत नाहीत. चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दात घासावे असे सांगितले आहे. त्यासाठी तुरट, तिखट वा कडू रसाच्या झाडाची काडी घ्यावी आणि तिचे टोक चावून मऊ करावे. सुश्रुताने काडीचे मापही दिले आहे : लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीइतकी, आणि काडी गाठी नसलेली. कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज व गोडांत मोह ही त्याने श्रेष्ठ ठरविली. या सर्व तपशिलात चरकाची एक अट विशेष महत्त्वाची आहे. दात घासताना हिरड्यांना इजा होता कामा नये, ही ती अट होय. काडीच्या जागी कुंचला आला, प्राण्यांच्या केसांऐवजी १९३८ पासून नायलॉनचे केस आले. परंतु मऊ कुंचला घ्या व हलक्या हाताने घासा, असे आजचा दंतवैद्य सांगतो तेव्हा तोही तीच अट वेगळ्या शब्दांत घालीत असतो.

काडीबरोबरच घरोघरी राखुंडी वापरात होती. गोवरीची राख, कोळशाची पूड, मीठ यांनी दात घासले की तोंड स्वच्छ वाटे, हे खरे. पण भरड पूड जोराने घासली की दातांवरील कठीण आवरण हळूहळू झिजते. हे आवरण शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असले तरी एकदा झिजले की ते पुन्हा वाढत नाही. त्याखालचा थर मुळातच पिवळसर असल्याने, पांढरेपणासाठी केलेल्या अति घासण्याचा शेवट दात अधिक पिवळे दिसण्यात होतो. शिवाय हिरडीलगत खाचा पडून गार पाणीही सोसवेनासे होते.

राखुंडीने दातांची झीज केली. मशेरीने मात्र जिवावरचे संकट आणले. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करावयाची व बोटाने दात-हिरड्यांना चोळावयाची, ही रीत कोकणात, गोव्यात, देशावर आणि सीमाभागात खेड्यापाड्यांतून, विशेषतः स्त्रियांत, रूढ झाली. ती फार प्राचीन आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तंबाखू हे अमेरिकेतील पीक असून पोर्तुगीजांच्या मार्फत ते दख्खनेत आले. अकबराचा वकील असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून ती मोगल दरबारात नेली, तेव्हा तेथे ती नवलाची वस्तू ठरली. चरक-सुश्रुतांना तिचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते.

मशेरी लावली की ठणकणारी दाढ काही वेळ शांत झाल्यासारखी वाटते, आणि म्हणून ती औषध समजली जाते. पण रोग आत वाढतच राहतो, आणि सकाळची एक वेळ पुढे दिवसातून चार-पाच वेळांवर जाते. धूर नसलेली तंबाखूही तोंडाच्या कर्करोगास कारण होते, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. गरोदर स्त्रीने ती लावल्यास मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परंतु कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोहोचतो. चुलीवरच्या तव्यापर्यंत तो पोहोचत नाही. तेथे घरातील सुनेने, मुलीने वा नातवानेच बोलावयास हवे.

आज ओढ पांढऱ्या रंगाची आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतील दोन दंतवैद्यांनी रात्री साच्यात औषध घालून दात उजळण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून तिचा प्रसार सर्वत्र झाला. दंतवैद्याच्या देखरेखीखाली ती करून घेण्यास हरकत नाही. मात्र त्याआधी किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या यांवर उपचार झाले पाहिजेत. दातात भरलेले सिमेंट व बसविलेल्या टोप्या या औषधाने उजळत नाहीत, हेही आधी जाणून घ्यावे. लिंबू-मीठ चोळण्याचा घरगुती उपाय तर टाळावाच. आंबटाने आवरण मऊ पडते आणि मिठाने ते खरवडले जाते.

आजीचे दात काळे होते आणि नातीला ते मोत्यासारखे हवे आहेत. दोघींची हौस सारखीच स्वाभाविक आहे. परंतु घासताना रक्त येते काय, हिरडी सुजली आहे काय, तोंडात पंधरा दिवस न भरणारा व्रण किंवा पांढरा चट्टा आहे काय, हे आरसा पाहताना रंगाच्या आधी पाहिले पाहिजे. रंग हा आवडीचा विषय आहे. ही लक्षणे दिसल्यास मात्र दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करता येत नाही.