रुळांमधील फट

खेड्यांतल्या लोहाराच्या भात्यापुढें बैलगाडीच्या चाकावर धाव चढविण्याचें काम निघालें म्हणजे भोंवतीं मुलांचा घोळका जमतो. चाकाच्या घेराहून किंचित लहान अशी लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळांत लाल होईपर्यंत तापवितात, ती फुगली कीं चाकावर बसवितात, आणि वरून पाणी ओततात. चर्र आवाज होतो, वाफ उसळते, आणि धाव आकसून चाकाचे सारे सांधे आवळून धरते. तापलेलें लोखंड वाढतें व निवलेलें आकसतें, हें ज्ञान त्या लोहाराच्या हातांत पिढ्यान् पिढ्या मुरलेलें आहे, आणि त्यानें तें आपल्या कामास जुंपलें आहे. आगगाडीचा रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरांना मात्र लोखंडाच्या ह्याच स्वभावाशीं शंभराहून अधिक वर्षें झगडावें लागलें.

वाढीचें मान तसें अगदीं क्षुल्लक दिसतें. एक मीटर लांबीचा पोलादी रूळ एक अंश सेल्सिअसनें तापला, तर त्याची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून थोडीशी अधिक वाढते. पण आगगाडीचा रस्ता एका मीटरांत संपत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी निघाली. त्या ३४ किलोमीटरांच्या वाटेवर एकच अखंड आणि मोकळा रूळ पडलेला आहे अशी कल्पना केली, तर तीस अंश तापमान चढतांच तो सुमारें १२ मीटरांनीं लांबेल; आणि मुंबईहून पुण्यापर्यंतचा तसा रूळ ६६ मीटरांनीं लांबेल. तीस अंशांचा फरक म्हणजे कांहीं विशेष नव्हे. उन्हांत पडलेला रूळ भोंवतालच्या हवेहून पंधरा-वीस अंशांनीं अधिक तापतो, हें ज्यानें मे महिन्यांत रुळाला हात लावून पाहिला असेल त्याला निराळें सांगावयास नको.

ही गोष्ट इंजिनिअरांना ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं. धातूंच्या वाढीचें बारीक मापन करण्याचें यंत्र जॉन स्मीटन ह्या इंग्रज इंजिनिअरानें १७५४ सालींच रॉयल सोसायटीपुढें मांडलें होतें. पण आगगाड्यांच्या आरंभकाळीं ह्या ज्ञानाची फारशी गरज भासली नाहीं, ह्याचें कारण त्या वेळचे रूळ ओतीव लोखंडाचे असून ते जेमतेम तीन-चार फूट लांबीचे असत. येवढासा तुकडा कितीही तापला तरी अर्ध्या मिलिमीटरपलीकडे वाढत नाहीं, आणि तेवढी जागा दोन तुकड्यांमधील ओबडधोबड सांध्यांत आपोआपच मिळे. खरी अडचण निराळीच होती. दर तीन-चार फुटांवर सांधा, आणि ओतीव लोखंड तर कांचेसारखें ठिसूळ. जड इंजिन वरून जातांच रूळ मोडत. १८१६ सालीं जॉर्ज स्टीफन्सन व विल्यम लॉश ह्यांनीं रुळांचीं टोकें अर्धीं-अर्धीं कापून एकमेकांवर बसविण्याची युक्ति काढली. तिनें धक्का कमी झाला. सांध्यांची संख्या मात्र तेवढीच राहिली.

१८२० सालीं नॉर्थंबरलंड परगण्यांतील बेडलिंग्टन येथील जॉन बर्किनशॉ ह्यानें घडीव लोखंडाचे रूळ लाटून काढण्याचें पेटंट घेतलें. हे रूळ १५ फूट लांब निघत. १८२५ सालच्या स्टॉक्टन-डार्लिंग्टन रस्त्यावर स्टीफन्सननें ते पसंत केले, आणि १८३० सालच्या लिव्हरपूल-मँचेस्टर रस्त्यावर तर तेच पडले. सांधे एकदम तीन-चार पटींनीं कमी झाले. परंतु रूळ जसजसा लांब होत गेला, तसतशी प्रत्येक सांध्याशीं ठेवावयाची फट वाढत गेली. फट ठेवली नाहीं तर दुपारच्या उन्हांत रुळांचीं टोकें एकमेकांस भिडतात, आणि पुढें सरकण्यास वाव न राहिल्यानें सारा रस्ता बाजूस वांकून सापासारखा वळतो. फट ठेवली तर चाक तिच्यावर आपटतें. दोन संकटांपैकीं एक पत्करणें भाग होतें, आणि सर्वांनीं फट पत्करली. तें शहाणपणाचेंच झालें. वांकडा झालेला रस्ता गाडी उलथवितो, फट तिला नुसती हादरविते.

आतां प्रश्न उरला तो फटीवरील दोन टोकें सारख्या पातळींत कशीं राखावीं हा. त्या काळीं दोन्ही टोकें एकाच लोखंडी बैठकीत ठेवीत. चाक एका टोकावर आलें कीं तें दबे, दुसरें टोक वर राही, आणि चाक त्यावर हातोड्यासारखें बसे. बैठकीखालील दगड किंवा स्लीपर खचे, आणि खचल्यावर पुढचा तडाखा अधिकच जोराचा बसे. ह्यावरचा तोडगा विल्यम ब्रिजेस ॲडम्स ह्या गृहस्थास १८४२ सालीं सुचला. ॲडम्स हा घोड्यांच्या गाड्या बांधणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. समाजसुधारणेवर टोपणनांवानें लेख लिहिणारा, आणि साराह फ्लॉवर ॲडम्स ह्या स्तोत्ररचना करणाऱ्या कवयित्रीचा पति. सांध्याखालीं आधार द्यावयाचाच नाहीं, सांधा दोन स्लीपरांच्या मधोमध अधांतरीं ठेवावयाचा, आणि दोन्ही रुळांच्या कुशींत लोखंडी पट्ट्या बसवून तीं टोकें एका तुळईसारखीं जोडावयाचीं, असा त्याचा विचार होता. १८४७ सालीं त्यानें रॉबर्ट रिचर्डसन ह्याच्यासह त्याचें पेटंट घेतलें. हीच ती फिशप्लेट. तिच्या नांवांतल्या 'फिश'चा माशाशीं संबंध नाहीं. जहाजाची मोडकी डोलकाठी सांधण्यासाठीं तिला जें लांकूड बाजूनें बांधीत, त्याला इंग्रज खलाशी 'फिश' म्हणत, तेंच हें नांव.

फिशप्लेटेचें खरें मर्म तिच्या भोंकांत आहे. पट्टी रुळास बोल्टांनीं आवळावयाची, परंतु भोंक बोल्टाहून मोठें ठेवावयाचें, म्हणजे रुळाचें टोक मागें-पुढें सरकावयास मोकळें राहतें. पट्टी टोकाला वर-खालीं हलूं देत नाहीं, लांबीच्या दिशेनें मात्र हलूं देते. भारतांतील रुंद रुळमार्गावरील नेहमींचा १३ मीटरांचा रूळ चाळीस अंश तापला तर सहा मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच वाढीची सोय भोंकांत आणि फटींत केलेली असते. रूळ घालतांना त्या वेळचें तापमान पाहून ठराविक जाडीचे पत्र्याचे तुकडे दोन टोकांमध्यें धरीत, आणि बोल्ट आवळल्यावर काढून घेत.

कागदावर हें फार सोपें वाटतें. रस्त्यावर मात्र बोल्ट गंजतात, पट्टी रुळास चिकटून बसते, आणि मोकळा म्हणून ठेवलेला सांधा मोकळा राहत नाहीं. शिवाय गाड्यांच्या धक्क्यांनीं रूळ हळूहळू एका बाजूस सरकत जातात. मग एके ठिकाणीं फटी साऱ्या मिटतात आणि पुढें दुसऱ्या ठिकाणीं बोटभर उघडतात. म्हणून दर वर्षीं थंडीच्या दिवसांत, ऊन चढण्याच्या आधीं, गँगमननीं प्रत्येक सांधा उघडावयाचा, पट्ट्या पुसावयाच्या, ग्राफाइटची भुकटी व रॉकेल कालविलेलें वंगण लावावयाचें आणि बोल्ट पुन्हां बसवावयाचे, हा भारतीय रेल्वेवरील जोडरुळांचा वार्षिक पाठ झाला. एका किलोमीटरांत दोन्ही रुळांचे मिळून दीडशेंहून अधिक सांधे येतात. उतारूंच्या डब्यांत झोपेला साथ देणारी 'खडाड् खट, खडाड् खट' ही लय ज्यांच्या श्रमावर चालली होती, त्यांचीं नांवें कोणत्याही वेळापत्रकांत छापलीं गेलीं नाहींत. हौशी उतारू त्या लयीवरून गाडीचा वेग काढीत. १३ मीटरांचे रूळ असतील तर ४७ सेकंदांत जितके ठोके ऐकूं येतात, जवळजवळ तितकेच किलोमीटर गाडी तासाला जाते.

परंतु त्या प्रत्येक ठोक्याबरोबर रुळाचें टोक थोडें चेपलें जातें, खालची खडी थोडी खचते, आणि बोल्टाच्या भोंकाच्या कडेला केसासारखी चीर पडण्याचा संभव वाढतो. ५ नोव्हेंबर १९६७ रोजीं रविवारीं रात्रीं हेस्टिंग्जहून लंडनला येणारी गाडी हिदर ग्रीनजवळ रुळांवरून घसरली. सांध्यापाशीं रुळाच्या टोकाचा लहानसा त्रिकोणी तुकडा मोडून पडला होता. ४९ माणसें मेलीं. रुळाला श्वास घेण्यासाठीं ठेवलेली जागा हीच रस्त्याची सर्वांत दुबळी जागा असल्याचें इंजिनिअर फार दिवस बोलत होते. त्या रात्रीनंतर ब्रिटनमध्यें सांधे काढून टाकण्याच्या कामास वेग आला.

सांधे काढून टाकावयाचे म्हणजे रूळ एकमेकांस वितळवून जोडावयाचे. त्याचें साधन जर्मनींत आधींच तयार होतें. ॲल्युमिनियमची पूड व लोखंडाचा गंज एकत्र पेटवून वितळलेलें लोखंड मिळविण्याची क्रिया हान्स गोल्डश्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञानें काढली, आणि १८९९ सालीं एसेन शहरांतील ट्रामचे रूळ तिनें जोडण्यांत आले. ट्रामचे रूळ रस्त्याच्या फरसबंदींत गाडलेले असतात. त्यांना वांकावयास जागाच नसते, आणि ते वांकलेही नाहींत. उघड्यावर पडलेल्या आगगाडीच्या रुळाला ही गोष्ट लागू पडेल असें मानावयास मात्र पुष्कळांचें मन धजेना. अमेरिकेंत डेलावेअर अँड हडसन कंपनीनें १९३३ पासून लांबच लांब जोडलेले रूळ घालून पाहिले, तेव्हां हळूहळू भीति मोडली.

ह्यांतील विचार थोडा उलटा असल्यानें तो समजावयास वेळ लागला. रूळ मोकळा असेल तर त्याची वाढ लांबीवर अवलंबून असते. पण त्याला वाढूंच दिलें नाहीं, तर आंत जो दाब उत्पन्न होतो त्याचा लांबीशीं कांहीं संबंध राहत नाहीं. दहा मीटरांचा रूळ असो कीं दहा किलोमीटरांचा, घट्ट धरलेला असतां दाब तोच. मीटरास ५२ किलो वजनाच्या रुळांत तो दर अंशास सुमारें १.६ टन भरतो. पंचवीस अंश तापमान चढलें तर ४० टन. येवढा दाब धरून ठेवण्याचें काम स्लीपरांभोंवतालची खडी करते. रुळाच्या टोकापासून आंत जावें तसतशी खडीची पकड सांठत जाते, आणि कांहीं अंतरावर ती त्या दाबाला पुरी पडते. त्यापुढचा सारा रूळ, मग तो कितीही मैल असो, जागचा हलत नाहीं. हालचाल उरते ती टोकांच्या शंभरएक मीटरांच्या आंत. ह्याचा अर्थ, फटी ठेवण्याची जी गरज शंभर वर्षें गृहीत धरली होती, ती आंखूड रुळांमुळें आणि सैल पकडीमुळें होती. इंजिनिअरांची चूक म्हणावी तर तसेंही नाहीं. जड काँक्रीटचे स्लीपर, स्प्रिंगसारखी पकड आणि खडीचा भरपूर थर ह्यांवांचून हा विचार रस्त्यावर उतरला नसता.

आतां भिलाईच्या कारखान्यांत १३० मीटरांचा रूळ लाटून निघतो, आणि दोन रूळ जोडून २६० मीटरांची पट्टी गाडीवर चढते. फट मात्र अगदींच नाहींशी झालेली नाहीं. लांब रुळाच्या टोकांशीं, किंवा मोठ्या पुलापाशीं, तासून जिभेसारखीं केलेलीं दोन टोकें शेजारीं-शेजारीं सरकतील असा सांधा ठेवितात. चाक त्यावरून न आपटतां जातें.

आणि पूर्वी जी काळजी सांध्यांची घ्यावी लागे, ती आतां तापमानाची घ्यावी लागते. रूळ कोणत्या तापमानास आवळला ह्याची नोंद जन्मपत्रिकेसारखी जपावी लागते. तो सैल करून, रुळांखालीं फिरते दांडे घालून, लांकडी हातोड्यांनीं ठोकून त्याला आपल्या मनासारखा पसरूं देतात, आणि नेमलेल्या तापमानास पुन्हां पकडतात. ब्रिटनमध्यें हें तापमान २७ अंश धरलें आहे. भारतांत प्रदेशाप्रमाणें तें निराळें ठरतें, व त्या ठिकाणच्या रुळाच्या कमाल आणि किमान तापमानाच्या मध्याहून किंचित वर असतें. ऐन उन्हाळ्यांत खडी उकरण्याचें काम ठराविक मर्यादेपलीकडे करूं देत नाहींत, कारण खडी सैल झाली कीं दाबून ठेवलेले ते चाळीस टन एका क्षणांत वाट काढतात. रुळावर ठेवलेल्या तापमापकाचा पारा नेमलेल्या तापमानाहून वीस अंश वर गेला म्हणजे गँगमन डोक्याला फडकें गुंडाळून भर दुपारीं गस्तीला निघतो, आणि दूरवर दिसणाऱ्या रुळांच्या दोन रेषा सरळ आहेत ना, हें पाहत पुढें चालत राहतो.