मोडीचं गणित: आजीच्या चिठ्ठीतला तोळा किती ग्रॅमचा?

पेटची तयारी करणारी मुलं मला नेहमी विचारतात, "ताई, संशोधन पद्धतीचा पेपर एवढा कोरडा का असतो?" एककं, मोजमापातली चूक, प्राथमिक साधनं, दुय्यम साधनं. पाठ करायचं आणि विसरायचं. मीही तेच केलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी ही सगळी प्रकरणं एकदम आमच्या घरात, ओसरीवर येऊन बसली. म्हणून आज माझ्या नेहमीच्या विषयाला, धातूंच्या पातळ थरांना, सुट्टी.

आमचं गाव शहादा तालुक्यात, प्रकाशापासून फार लांब नाही. त्या वर्षी धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची मुदत होती बारा दिवस. माझी फेलोशिप पाच महिने अडकलेली. पपईचे पैसे व्यापाऱ्याकडे. शेवटी आजीने कपाटातून तिची एकदाणी काढली. ज्वारीच्या दाण्याएवढे ४४ मणी, लाल दोऱ्यात ओवलेले. सोबत एक पिवळी पडलेली चिठ्ठी, गुजराती लिपीतली. नंदुरबारच्या बाजूला जुन्या सराफी चिठ्ठ्या गुजरातीत सापडणं काही नवल नाही, सीमा हाकेवर आहे. चिठ्ठीत होतं: संवत २००९, वैशाख; तोळे २, मासे ३, गुंजा ४.

अप्पा एकदाणी आणि चिठ्ठी घेऊन एका सराफाकडे गेले. त्याने दोरा काढून मणी काट्यावर टाकले. २६.४१ ग्रॅम. मग चिठ्ठी वाचली, कॅल्क्युलेटर दाबला आणि म्हणाला, "भाऊ, चिठ्ठीप्रमाणे सोनं पावणेतेवीस-तेवीस ग्रॅम. काटा दाखवतो साडेसव्वीस. म्हणजे मणी पोकळ, आत साडेतीन ग्रॅम लाख. ती वजा. जुनं सोनं, म्हणून वर वीस टक्के तूट." अप्पांना ते पटलं. आकडे समोर होते, काटा खरा होता, चिठ्ठी तर आपलीच. ते फक्त "घरी विचारून सांगतो" म्हणून परत आले, एवढंच नशीब.

त्याने मुद्दाम फसवलं का, हे मी आजही सांगू शकत नाही. माझा अंदाज असा की तोही चुकला. कारण चूक एकाच शब्दात होती आणि तो शब्द आपण सगळेच वापरतो: तोळा.

आज बाजारात "तोळ्याचा भाव" म्हणजे १० ग्रॅमचा भाव. पण हा तोळा नवा आहे. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये तोळा १८० ट्रॉय ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६३८ ग्रॅम. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा. तोळ्याला ९६ गुंजा. वजनमापांचा मेट्रिक कायदा आला १९५६ मध्ये, आणि प्रत्यक्षात ग्रॅम-किलो बाजारात यायला लागले ते १९५८ पासून, टप्प्याटप्प्याने. ग्रॅम आले, पण तोळा जिभेवरून गेला नाही. तो गुपचूप १० ग्रॅमचा झाला.

मग प्रश्न उरतो चिठ्ठी कधीची. विक्रम संवत गुजराती पद्धतीने कार्तिकात सुरू होतं, उत्तर भारतीय पद्धतीने चैत्रात. त्यामुळे संवत २००९ चा वैशाख एका हिशोबाने १९५३ मधला आणि दुसऱ्या हिशोबाने १९५२ मधला. कोणता धरायचा? इथे धरायची गरजच नाही. दोन्ही वर्षं १९५६ च्या अलीकडची. साधनातली प्रत्येक शंका सोडवत बसायचं नसतं, आपल्या प्रश्नाला जी अडते तेवढीच सोडवायची. (हे मला माझ्या गाईडने तीन वर्षं सांगितलं, कळलं आजीच्या चिठ्ठीवरून.)

आता गुंजा मोजा. २ तोळ्यांच्या १९२, ३ माशांच्या २४, वरच्या ४. एकूण २२०. एक गुंज ०.१२१५ ग्रॅम. म्हणजे चिठ्ठीतलं वजन २६.७३ ग्रॅम. सराफाने तोळा १० ग्रॅमचा धरला म्हणून त्याला २२.९२ दिसलं. साडेतीन ग्रॅमची लाख मण्यात नव्हती, गुणाकारात होती.

पण हे अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "कागदावर ठीक आहे. मण्यात लाख नाहीच कशावरून?" रास्त प्रश्न. लाख भरलेले पोकळ मणी खरंच असतात, बोरमाळेचे तर बहुतेक तसेच. त्याला उत्तर कागदातून नाही, पाण्यातून मिळतं.

शंभर मिलिग्रॅम नाही, दहा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा माझ्याकडे होता. काट्यावर पाण्याची वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला, सगळे मणी बारीक दोऱ्यात बांधून पाण्यात लोंबते सोडले, तळाला न टेकवता. पाण्यात थेंबभर साबण, म्हणजे मण्यांच्या भोकात हवा अडकत नाही. काटा १.५५ दाखवायला लागला. म्हणजे मण्यांनी १.५५ ग्रॅम पाणी बाजूला सारलं, आकारमान १.५५ घन सेंटिमीटर. २६.४१ भागिले १.५५, घनता साधारण १७.

आता सराफाचं म्हणणं खरं धरून बघू. २३ ग्रॅम सोनं आणि साडेतीन ग्रॅम लाख. लाखेची घनता पाण्याहून थोडीच जास्त, १.१ च्या आसपास; म्हणजे नुसती लाखच तीन घन सेंटिमीटरहून जास्त जागा घेणार. सगळ्या माळेची घनता मग सहाच्याही खाली यायला हवी. सहा आणि सतरा! इथे काट्याची चूक वगैरे बोलायला जागाच नाही.

पण याच सतरावरून सोनं किती कॅरेटचं हे मी सांगायला गेले असते तर तोंडघशी पडले असते. शुद्ध सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. मिश्रणात चांदी जास्त की तांबं, यावर एकाच घनतेचे दोन वेगळे कस निघतात. शिवाय १.५५ मध्ये ०.०२ इकडेतिकडे झालं की घनता ०.२ ने हलते, आणि तेवढ्यात पाव ते अर्ध्या कॅरेटचा फरक. आणि टंगस्टन तर सोन्याइतकंच जड. त्याची भेसळ घनतेने पकडली जात नाही. म्हणजे तीच मोजणी "लाख आहे का?" याला भक्कम पुरावा आणि "कस किती?" याला नुसता अंदाज.

कसाच्या प्रश्नाला आपल्या भागात फार जुना धागा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सोन्याच्या कारखान्याचं प्रकरण येतं. त्यात कसोटीचा दगड कोणता चांगला हे सांगताना कलिंगाच्या दगडासोबत तापीच्या दगडाचं नाव येतं, मुगाच्या रंगाचा. आमच्या प्रकाशाखालून वाहते तीच तापी. त्याच प्रकरणात कसोटीवर लबाडी कशी करतात तेही लिहिलंय. दोन हजार वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक आणि सोनार यांच्यामध्ये तो दगड होता आणि दगडावर संशय होता.

दुसरा धागा चाळीसगावजवळच्या पाटणचा. पूर्वी हे सगळं एकच खानदेश. पूर्व-पश्चिम वाटणी १९०६ ची, आणि आपला नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ ला धुळ्यातून निघाला. पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. त्या ग्रंथांपैकी लीलावती ११५० ची, आणि लीलावतीत "सुवर्णगणित" नावाचं एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

तिथे कस "वर्णा"त मोजतात. १६ वर्ण म्हणजे शुद्ध. एक उदाहरण असं: १०, ४, २ आणि ४ मासे वजनाचे सोन्याचे चार तुकडे, त्यांचे वर्ण अनुक्रमे १३, १२, ११, १०. एकत्र आटवले तर कस किती? प्रत्येकाचं वजन गुणिले वर्ण: १३०, ४८, २२, ४०. बेरीज २४०. भागिले एकूण वजन २०. उत्तर १२ वर्ण, आजच्या भाषेत १८ कॅरेट. पुढे विचारलंय, शुद्ध करताना हे २० मासे १६ वर आले तर वर्ण किती? २४० भागिले १६, पंधरा. आणि पूर्ण १६ वर्णाचं केलं तर वजन उरेल १५ मासे.

हा २४० चा आकडा नीट बघा. आटवा, गाळा, वजन घटू दे, कस वाढू दे, २४० हलत नाही. तेच तुमचं खरं सोनं. मी अप्पांना हेच दाखवलं. समजा चार दागिने घेऊन तुम्ही दुकानात गेलात आणि दुकानदाराने सगळ्यात हलक्याचा, १० वर्णाचा, कस सगळ्यांना लावला. तुम्हाला पैसे मिळतील २०० चे. सहावा हिस्सा तिथेच गेला. म्हणून प्रत्येक डाग वेगळा तोलायचा, वेगळा कसाला लावायचा, आटणी नंतर. अप्पा म्हणाले, "हे आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय आणि आम्हाला शाळेत नळ-टाकीची गणितं घातली!"

आम्ही मणी घेऊन एका शहरातल्या मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात गेलो. लोकांचा समज असतो की हॉलमार्क नसलेलं जुनं सोनं विकताच येत नाही. तसं नाही. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आलेली सक्ती सराफाने विकायच्या दागिन्यांना आहे. आपण आपलं जुनं सोनं विकू शकतो आणि आधी शुल्क भरून तपासूनही घेऊ शकतो. क्ष-किरणांच्या यंत्राने कस दाखवला ८६.४ टक्के, जवळपास पावणेएकवीस कॅरेट. २२ कॅरेटचं म्हणजे ९१६ नाही, पण वीस टक्के तूटही नाही. हेच यंत्र आमच्या विभागात आहे, म्हणून एक सांगते: ते वरचा काही मायक्रॉनचाच थर बघतं. झाळ, म्हणजे जोड द्यायला वापरलेला हलका मिश्रधातू, आत लपलेली असू शकते. म्हणून आकडा आटवल्यावर थोडा खाली येईल हे धरून चालायचं.

साल बघायचं अजून एक कारण आहे, आणि इथे इतिहासवाल्यांचं काम लागतं. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी झाली. हजारो सोनारांची चूल विझली. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. म्हणून चिठ्ठी १९६४ ची निघाली तर कसाबद्दल आधीच सावध व्हायचं: एक तर दागिना १४ कॅरेटचा, नाहीतर चिठ्ठीत काहीतरी लपवलेलं. आमची त्याआधीची, ती भानगड नव्हती.

आणि त्याहून मागे १९३१. १९२७ च्या चलन कायद्याने सोन्याचा सरकारी दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै धरला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडलं, रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला, आणि मुंबईत सोन्याचा भाव चढला. इकडे मंदीत कापसाचा भाव पडलेला, सारा आणि सावकार दारात. देशभरातून शेतकऱ्यांच्या घरातलं सोनं बाहेर पडून बोटींतून परदेशी गेलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे निर्यातीच्या तक्त्यात येतं. मला आता त्या तक्त्यात तोळा दिसला की आधी प्रश्न पडतो, गावातल्या दुकानात विकणाऱ्या बाईला मुंबईचा भाव कोणी सांगितला असेल? अक्कलकुवा-धडगावकडे हाच प्रश्न आजही चांदीचा आहे. तिथल्या भिल्ल-पावरा घरांची पुंजी चांदीच्या जड दागिन्यांत, आणि सोन्यासारखी हॉलमार्कची सक्ती अजून चांदीला नाही. त्यावर कोणी एम.ए.चा प्रबंध करत असेल तर मला जरूर कळवा.

तर हिशोब. सोपं जावं म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरते. पहिल्या सराफाचा देकार: २२.९२ ग्रॅम, वीस टक्के तूट, १,८३,३६० रुपये. आमचा कागदावरचा आकडा: २६.४१ गुणिले ०.८६४, शुद्ध सोनं २२.८२ ग्रॅम, म्हणजे २,२८,२०० च्या आसपास. प्रत्यक्षात दुसऱ्या सराफाने आमच्यासमोर मूस तापवून मणी आटवले. गोळा भरला २६.३० ग्रॅम, कस ८६.१, आणि गाळणावळ म्हणून त्याने दोन टक्के कापले. हातात आले २,२१,९०० च्या हिशोबाने. पहिल्यापेक्षा साडेअडतीस हजार जास्त. घडणावळ परत मिळत नाही, ती कधीच मिळत नाही. मोडीत फक्त धातू विकला जातो.

आटवायच्या आधी आजीने विचारलं होतं, चिठ्ठीत २६.७३ होतं ना, मग काट्यावर २६.४१ कसं? मी म्हटलं, जुन्या काट्याची चूक असेल. मग हिशोब केला. चिठ्ठी गुंजेपर्यंत लिहिलेली, म्हणजे चूक फार तर अर्ध्या गुंजेची, ०.०६ ग्रॅम. फरक ०.३२ चा. एखादा मणी हरवला म्हणावं तर एक मणी ०.६० ग्रॅमचा. काट्याच्या चुकीपेक्षा जास्त, मण्यापेक्षा कमी. "झिजलं," आजी म्हणाली, "सत्तर वर्षं शेतात घातलीय मी ती."

फी मुदतीच्या दोन दिवस आधी भरली. चिठ्ठी माझ्याकडे आहे.