कोळसा आणि सरकारी तिजोरी

इंदिरानगरांत संध्याकाळीं दिवे लागतात, त्यांच्यामागें कोळसा जळत असतो, याची आठवण आपणांस क्वचितच होते. नाशिकच्या पूर्वेस एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचीं धुराडीं मात्र ती करून देतात. हा धूर आणि त्याबरोबर आकाशांत जाणारा कर्बवायु कां आटोपत नाहीं, याचें उत्तर आपण यंत्रांत शोधतों. मला तें सरकारी जमाखर्चांत अधिक सांपडतें.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर वरोऱ्यापासून आरंभ करावा. तेथील खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत सरकारनेंच चालविली. (आज वरोऱ्याचें नांव निघतें तें बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळें, कोळसा विस्मरणांत गेला.) १९७३ मध्यें देशांतील खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि सरकार हेंच प्रमुख खाणमालक बनलें. कोळसा वाहणारी रेल्वेहि त्याचीच. खनिजाचें स्वामित्वशुल्क राज्याच्या पदरांत पडतें. रेल्वेला मालवाहतुकीचें सर्वांत मोठें उत्पन्न कोळसा देतो, आणि त्याच्या बळावर उतारूंचें भाडें कमी ठेवतां येतें. असा मालक कोळशाला विटेल कसा?

२०१० सालीं त्याला सद्बुद्धि झाली खरी. स्वच्छ ऊर्जेसाठीं दर टनास ५० रुपये उपकर बसला, आणि २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला. परंतु २०१७ मध्यें वस्तु व सेवा कर आला तेव्हां ४०० चा आंकडा कायम राहिला आणि हेतु बदलला: राज्यांच्या बुडणाऱ्या महसुलाची भरपाई! सप्टेंबर २०२५ मध्यें हा उपकर उठला व कराचा दर शेंकडा ५ वरून १८ झाला. वरवर पाहतां ही वाढच वाटेल. पण हिशेब करून पाहावा. १,००० रुपये टनाच्या कोळशावर पूर्वीं ४५० रुपये पडत, आतां १८० पडतात. ४,००० रुपयांच्या कोळशावर ६०० पडत, ते ७२० झाले. म्हणजे स्वस्त, राखेनें भरलेल्या कोळशास सूट, आणि चांगल्यास भार. आपल्या वीजकेंद्रांत बहुतांशीं जळतो तो हलक्या प्रतीचाच, आणि तेवढ्याच विजेसाठीं तो अधिक जाळावा लागतो.

नॉर्वेनें १९९१ मध्येंच कर्बवायूवर कर बसविला, तेलाचें उत्पन्न वेगळ्या निधींत ठेविलें. तेल विकणें मात्र त्यानेंहि सोडलें नाहीं.

एकलहऱ्याचे पहिले दोन संच बंद पडले ते जुने झाले म्हणून, कोळशावरील कर जड झाला म्हणून नव्हे.