जीपमधला टेप

शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत असे, की राजांना आणि लढायांना इतिहास असतो तसा वस्तूंनाही असतो. जात्याला असतो, कंदिलाला असतो, सायकलीला असतो. आज अशाच एका वस्तूविषयी लिहितो आहे. १९८० आणि ९० च्या दशकांत ज्यांनी मुळशी, मावळ, वेल्हे या भागांत जीपने प्रवास केला असेल, त्यांना ती चटकन आठवेल. डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीने लटकवलेली, धुळीने पांढरी पडलेली, खड्डा आला की आवाज गिळणारी आणि पुढच्या खड्ड्याला पुन्हा सुरू होणारी ती पेटी, म्हणजे जीपमधला टेप!

मुळात जीप ही काही गाणी ऐकण्यासाठी जन्मलेली गाडी नव्हे. ती दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. त्यांत यंत्र असे ते वायरलेसचे, निरोप देण्याघेण्याचे. पण पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगची ठिणगी उडाली की वायरलेसमध्ये खरखर ऐकू येते. ही खरखर दाबण्याची सोय ज्या लष्करी गाडीत केलेली असे, तिच्या बॉनेटवरच्या नंबरापुढे इंग्रजी 'एस' हे अक्षर रंगवत. गाडीत नीट ऐकू यायला हवे, ही डोकेदुखी तेव्हापासूनची आहे.

साध्या मोटारीत रेडिओ आला तो त्याआधी, १९३० मध्ये. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह आपल्याच मोटारीत रेडिओ बसवला आणि ती मोटार चालवत रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाला अटलांटिक सिटीला नेली. त्या रेडिओचे नाव 'मोटोरोला'. पुढे कंपनीही त्याच नावाची झाली. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागत आणि बॅटरी तर सहा व्होल्टची! म्हणून मध्ये 'व्हायब्रेटर' नावाचा एक गुणगुणणारा डबा बसवावा लागे. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि तो डबा गेला. बॅटरीवर थेट चालणारा, लहान, धक्के सोसणारा रेडिओ शक्य झाला.

आपल्याकडे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. जंगल खाते, पाटबंधारे, पोलीस, बीडीओ साहेब यांच्या दाराशी जीप उभी राहू लागली. रेडिओ तेव्हा घरात ठेवायलाही परवाना लागे आणि तो टपाल कचेरीतून काढावा लागे. पुणे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ रोजी. तिच्यावरून १९५५-५६ मध्ये गीतरामायण प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहत. चित्रपटगीतांसाठी मात्र लोक सिलोन लावत, कारण १९५२ मध्ये मंत्री केसकरांनी आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच केली होती. १९५७ मध्ये विविध भारती आली तेव्हा कुठे ती परतली.

आता आमच्या मुठ्याकडे वळतो. पिरंगुट सोडले, उरवडे मागे पडले, की मुठा घाट लागतो. घाट उतरला की मुठा नदीचे खोरे. वरच्या अंगाला आज टेमघर धरण आहे. पावसाळ्यात इथे आभाळ आणि जमीन यांत फरक राहत नाही. या खोऱ्यात रेडिओला एक अडचण आहे आणि ती भूगोलाच्या तासाला शिकवावी अशी आहे. मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात, डोंगराला वळसा घालतात. एफएमच्या लहरींना मात्र समोरासमोर वाट लागते. त्यामुळे जुन्या सेटवर पुणे केंद्र घाटापलीकडेही, जरा खरखरत का होईना, ऐकू येई. २००० नंतर पुण्यात खाजगी एफएम केंद्रे आली, त्यांचा आवाज मात्र घाट उतरता उतरता विरून जाई.

म्हणूनच डोंगरातल्या जीपला टेपचे महत्त्व फार. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली. तिच्यातली फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या वेगाने सरकणारी. या टिचभर फितीने आपल्या देशात मोठी उलथापालथ केली. त्याआधी तबकडी काढायची म्हणजे ग्रामोफोन कंपनीची मर्जी हवी. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि कोणीही गाणे ध्वनिमुद्रित करून विकू लागला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचा ग्रंथच लिहिला. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज खेडोपाडी पोचले ते कॅसेटवरून. विठ्ठलाची गाणी, भीमगीते, कोळीगीते, लावण्या, सगळे एकाच डॅशबोर्डवर उन्हात तापत पडलेले असे!

एसटी चुकली की जीप. नऊ जणांच्या जागेत पंधरा-सोळा माणसे, मागे लोंबकळणारे वेगळे. टेपवर काय लावायचे ते ड्रायव्हर ठरवणार. सकाळी भक्तिगीते, दुपारी सिनेमाची, परतीला लावणी. एखाद्या म्हाताऱ्या आजी म्हणत, "बाळा, ते बंद कर अन् माझा इठ्ठल लाव." आणि तो लावी. आज प्रत्येकाच्या कानात आपापले गाणे असते. तेव्हा पंधरा जणांना मिळून एकच गाणे ऐकावे लागे. त्यात जाच होता, तशी सोबतही होती.

पण जीपमध्ये टेप टिकवणे हे कर्मकठीण काम. कमानपाट्यांचे दणके बसून स्क्रू सैल होत, झाळलेले सांधे तडकत. कापडी हुडातून पाणी गळून स्पीकरचा कागद भिजे. धूळ हेडवर बसली की आवाज घोगरा. रबराचा पट्टा सैल पडला की वेग मंदावे आणि लताबाई थेट पुरुषी आवाजात गाऊ लागत! डिझेल इंजिने आली तेव्हा ठिणगीची खरखर गेली, पण अल्टरनेटरची शिट्टी राहिली. ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे ती शिट्टी चढत जाई. त्यावर उपाय म्हणजे अर्थिंगची वायर गंज खरवडून चेसिसला पक्की आवळायची आणि सप्लायला फिल्टर लावायचा. हे सगळे करणारी माणसे गावोगाव होती. त्यांच्या हाताशी टेस्टर, झाळायची इस्त्री, स्पिरिटची बाटली आणि कापूस, बस्स.

माझा एक जुना विद्यार्थी मुठ्याचा. त्याच्या वडिलांनी बरीच वर्षे जीपवर प्रवासी वाहतूक केली. अडलेली बाळंतीण रात्री-अपरात्री पौडला पोचवायची तर त्यांनाच हाक जाई. वडील गेले, जीप राहिली. नातवाने ती रंगवून घेतली आणि आता त्याला तिच्यात टचस्क्रीन हवा होता. गाडीतल्या स्टिरिओची जगभर चालणारी ठरावीक खाच असते, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. टचस्क्रीनला तिच्या दुप्पट उंची लागते. या जुन्या जीपला तर खाचच नाही, सपाट पत्रा आहे. म्हणजे पत्रा कापणे आले. नातू म्हणे कापू, बाप म्हणे आजोबांचा डॅशबोर्ड आहे, हात लावायचा नाही. शेवटी दोघे माझ्याकडे आले. इतिहासाच्या मास्तरकडे न्यायनिवाड्याला!

मी म्हटले, आधी जुना टेप दुरुस्त होतो का ते तरी पाहू. कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही, पण टचस्क्रीन पुढच्या वर्षीही मिळेल. आम्ही तिघे पुण्याला गेलो. नाना पेठेत गाडीचे सुटे भाग, बुधवारात इलेक्ट्रॉनिक्स. जिथे जावे तिथे एकच उत्तर : "काका, कशाला नीट करताय? नवा टाका, स्वस्तात पडेल." चौथ्या की पाचव्या दुकानात एक वयस्कर कारागीर भेटले. त्यांनी काही न बोलता झाकण उघडले. रबराचा पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता आणि आत एक कॅसेट अडकलेली होती. त्यांनी स्पिरिटने काळे डाग पुसले, मापाचा पट्टा शोधून घातला, दाब देणारे रबरी चाक साफ केले, हेडचा कोन कानाने ऐकत बारीक स्क्रूने जुळवला. तासाभराचे काम. हे कुठल्या पुस्तकात आहे, असे नातवाने विचारले तेव्हा ते नुसते हसले.

कॅसेटच्या एका बाजूला विठ्ठलाची गाणी निघाली. दुसरी बाजू घरच्या टू-इन-वनवर भरलेली होती. माझ्या विद्यार्थ्याच्या आत्याच्या लग्नात हळद दळताना बायकांनी म्हटलेल्या ओव्या! जात्याची घरघर, मध्येच कोणाचे तरी खोकणे, हसणे. त्याने आईचा आवाज ओळखला आणि दुकानातच डोळे पुसले. नातवाने आजीला पाहिलेसुद्धा नव्हते.

मुळशीच्या ओव्यांना अभ्यासाच्या जगात मोठे स्थान आहे, हे इथल्याच पुष्कळांना ठाऊक नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशी तालुक्यातल्या गावांचा त्यांत मोठा वाटा आहे. पुढे हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणे केली आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या ओव्या आवाजासह लोकांसमोर आणल्या. पण गावात घरोघरी, लग्नामुंजीत, टू-इन-वनवर जे भरले गेले, त्याची नोंद कुठल्याच संग्रहात नाही. ते पत्र्याच्या ट्रंकेत आहे, माळ्यावर आहे, नाहीतर एखाद्या बंद पडलेल्या टेपच्या पोटात आहे. नवा स्टिरिओ घेताना जुना भंगारात टाकला, तर त्यासोबत काय गेले हे कळायलाही मार्ग उरत नाही.

नवे घेऊ नये असे मी म्हणत नाही. वस्तू जुनी झाली म्हणून ती पूज्य होत नाही. त्या जीपमध्येही तडजोड झाली. कॅसेटच्याच आकाराचे, ब्लूटूथवर चालणारे एक यंत्र मिळते. ते टेपमध्ये सरकवले की मोबाइलवरचे गाणे जुन्या सेटमधून वाजते. नातू खूश, पत्रा शाबूत. पण आधी त्या कॅसेटची नक्कल संगणकावर करून घेतली.

तेव्हा घरात जुन्या कॅसेट असतील तर एवढे जरूर करा. उन्हापासून, ओलीपासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून त्या लांब ठेवा. वाजवण्याआधी फीत पेन्सिलीने सावकाश फिरवून मोकळी झाल्याची खात्री करा. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच नक्कल करून घ्या, कारण जुनी फीत दुसरी संधी देईलच असे नाही. आणि आवाज कोणाचा हे ओळखणारे माणूस घरात असेपर्यंत त्याच्याजवळ बसून वेष्टणातल्या कागदावर लिहून घ्या : नाव, गाव आणि साल.