सिलेक्शन भरण्याचे शॉर्टकट (नांदेड-लातूरचे फोटो स्टुडिओ)

फोटोशॉपमध्ये निवडलेला भाग मेनू न उघडता कीबोर्डवरूनच रंगाने भरण्याच्या कळा. लातूर हे ‘लातूर पॅटर्न’मुळे वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे गाव, नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. दोन्हीकडे अर्ज भरण्याचे दिवस आले की स्टुडिओत एकच मागणी असते : ‘पांढरा बॅकग्राउंड करून द्या.’ नीटच्या अर्जाला तर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचाच, दोन्ही कान दिसणारा फोटो लागतो.

मुख्य कळा दोनच. ऑल्ट + बॅकस्पेस दाबले की फोरग्राउंडचा रंग भरतो, कंट्रोल + बॅकस्पेस दाबले की बॅकग्राउंडचा. डी दाबल्यावर हे रंग काळा आणि पांढरा होतात, एक्सने त्यांची अदलाबदल होते. म्हणून पांढऱ्यासाठी हाताला सवय लावायची ती डी आणि मग कंट्रोल + बॅकस्पेस अशी. शिफ्ट + बॅकस्पेस किंवा शिफ्ट + एफ५ दाबल्यास ‘फिल’ची चौकट उघडते. तिन्ही कळा, म्हणजे शिफ्ट + ऑल्ट + बॅकस्पेस, एकत्र दाबल्या तर लेयरमधला पारदर्शक भाग तसाच राहून फक्त चित्रावर रंग चढतो. फ्लेक्सचे काम करणाऱ्यांना ऑल्ट + बॅकस्पेस आणखी एका कारणाने जवळची : टेक्स्ट लेयरवर ती दाबली की सगळी अक्षरे एका दमात रंगतात. गिंपमध्ये याच कामाला कंट्रोल + स्वल्पविराम आणि कंट्रोल + पूर्णविराम आहेत.

भरायला क्षणभर लागतो; कौशल्य सगळे कडेचे. मॅजिक वाँडने मागचा पडदा निवडताना पांढऱ्या शर्टाची कॉलर हमखास सिलेक्शनमध्ये जाते आणि भरल्यावर मुलाचे खांदे नाहीसे होतात. ऑल्ट धरून लॅसोने खांदा आधी सिलेक्शनमधून वगळावा. नांदेडला सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारा असल्याने शीख ग्राहकही येतात. दस्तारची (पगडीची) कड स्वच्छ कापली जाते, पण दाढीच्या सुट्या केसांजवळ वाँड फसतो. तिथे शिफ्ट + एफ६ने (जुन्या आवृत्त्यांत कंट्रोल + ऑल्ट + डीने) एक पिक्सेलचा फेदर द्यावा आणि मग भरावे. केसांभोवती निळ्या पडद्याची रेघ उरलीच, तर भरण्याची कळ पुन्हा दाबावी : फेदर दिलेली कड दर भरणीला थोडी आणखी पांढरी होते. तिसऱ्यांदा दाबण्याआधी मात्र फोटो मोठा करून पाहावा, नाहीतर केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात. सिलेक्शन नसताना कळ दाबली तर अख्खा लेयर पांढरा होतो. कंट्रोल + झेडने चेहरा परत येतो. भारनियमनाच्या काळात वीज कधी जाईल याचा नेम नसे, तेव्हा त्याआधी कंट्रोल + एस दाबलेले असणे मोलाचे.

फोटोशॉप १९९० साली मॅकवर आले. तिथे ऑप्शन + डिलीट आणि कमांड + डिलीट वापरतात. विंडोजवरही बॅकस्पेसच्या जागी डिलीट चालते. पूर्वी बॅकग्राउंड लेयरवर नुसते डिलीट दाबले तरी बॅकग्राउंडचा रंग भरत असे. २०१०च्या सीएस५पासून त्याच कळेने ‘कंटेंट-अवेअर’ निवडलेली फिलची चौकट उघडू लागली. जुन्या ७.०वर हात बसलेल्या माणसाने घाईत एंटर दाबला की पडद्याच्या जागी शर्टाचे आणि केसांचे तुकडे उमटत. अशांनी कंट्रोल + बॅकस्पेसचीच सवय ठेवलेली बरी.

२०१८मध्ये ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ आल्यापासून माणूस एका क्लिकवर निवडला जातो. कंट्रोल + शिफ्ट + आयने निवड उलटवली की पार्श्वभूमी भरायला मोकळी. दाढी, वेणी आणि पांढरी कॉलर तरीही डोळ्यांनी तपासावी लागतात. त्याहून उत्तम म्हणजे मुळातच पांढरा पडदा आणि त्यावर वेगळा दिवा : सावली पडली नाही तर भरण्यासारखे फारसे उरतच नाही.