कूपर बेटावरची वही



पक्षिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण गिरणीत आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. तरीही उत्तर ध्रुवाकडील एका बेटावरच्या पक्ष्यांचा इतिहास सांगण्यास मी उभा आहे. कारण हा इतिहास एका वहीतून निघाला, आणि वहीचे मोल मला ठाऊक आहे.

अलास्काच्या उत्तर टोकाला उत्किआग्विक हे गाव आहे. २०१६ पर्यंत त्याला बॅरो म्हणत. तेथून पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कूपर नावाचे वाळूगोट्यांचे सपाट बेट आहे. १९७२ साली जॉर्ज दिवोकी हा तरुण अमेरिकन पक्षिनिरीक्षक तेथे उतरला. त्या किनाऱ्यावरच्या अशा बेटांवर आयडर बदके उघड्यावर घरटी करतात, त्याचे नवल नाही. नवल होते ते काळ्या गिलेमॉटचे. हा कबुतराएवढा समुद्रपक्षी. अंग काळे, पंखावर पांढरा पट्टा, पाय लालभडक. अंडी घालण्यास त्याला खडकातली कपार लागते, आणि येथे तर खडकच नव्हता! अमेरिकन नौदलाने १९५०च्या दशकात टाकून दिलेल्या लाकडी खोक्यांच्या आडोशाला त्याने संसार थाटला होता.

दिवोकीने आणखी खोकी मांडली आणि १९७५ पासून दर उन्हाळ्यात तेथे मुक्काम केला. प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडी, प्रत्येक घरट्याला क्रमांक. अंडे कोणत्या दिवशी पडले, पिल्लू केव्हा बाहेर आले, आज त्याचे वजन किती, सारे वहीत. सरकारी पैसा आटला तेव्हा पदरमोड करून, तंबूत राहून त्याने हे काम चालू ठेवले. १९८०च्या दशकाअखेर जोडपी दोनशेच्या वर गेली.

त्याला हवे होते ते पक्ष्यांच्या संसाराचे ज्ञान. हवामानाचा विचार त्याच्या मनात नव्हता. परंतु वर्षावर्षांच्या तारखा शेजारी मांडल्यावर दिसले की अंडी हळूहळू लवकर पडू लागली आहेत. त्याचे कारण साधे होते. खोक्याच्या तोंडावरचे बर्फ वितळल्यावाचून पक्ष्याला आत शिरता येत नाही. म्हणजे अंड्याची तारीख ही बर्फ वितळल्याचीच नोंद! शिवाय घरटे धरण्यापासून पिल्लू उडून जाईपर्यंत सुमारे ऐंशी दिवस बर्फावाचून जावे लागतात. पूर्वी तेथला उन्हाळा इतका लांब असण्याची शाश्वती नव्हती. तेव्हा ही वसाहत वाढली तीच मुळी हवा तापू लागल्यामुळे.

जे तापमान देते झाले, तेच पुढे घेते झाले. आईबाप पिल्लांसाठी चोचीत एका वेळी एकच मासा आणतात. समुद्रावरच्या बर्फाच्या आसऱ्याने राहणारा आर्क्टिक कॉड हे त्यांचे मुख्य अन्न. बर्फ किनाऱ्यापासून दूर हटले तसा तो मासाही दुर्मिळ झाला. पिल्लांच्या वाट्याला काटेरी, हाडकुळे मासे आले, आणि भुकेने आधी दोघांतले धाकटे मरू लागले. बर्फ गेल्याने आसरा तुटलेली पांढरी अस्वले २००२ पासून बेटावर येऊन खोकी उलटू लागली. २०११ साली लाकडी खोक्यांच्या जागी कठीण प्लॅस्टिकच्या पेट्या ठेवाव्या लागल्या. तरीही पुढे जोडप्यांची संख्या शंभराच्या खाली उतरली.

आता मला ही गोष्ट का भिडली ते सांगतो. मी ज्या सूतगिरणीत होतो, तेथे कार्डिंग खात्यातल्या माणसांची छाती भरत असे. आम्ही तक्रार नेली. उत्तर आले, 'पुरावा काय? विड्या ओढत असतील.' मग आम्ही वही घातली. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती सर्वांत जड होते, हे त्या वहीने दाखवले. कापसाच्या धुळीच्या रोगाची ती खूणच आहे. पण तोवर दोन सोबती भरपाईवाचून गेले होते. शिवाय, 'भांडणासाठी केलेली वही' हा टोमणा आम्हांला शेवटपर्यंत ऐकावा लागला.

दिवोकीच्या वहीला तो टोमणा लागू पडत नाही. ती भांडण उभे राहण्यापूर्वीची आहे. कोणाचा दोष सिद्ध करण्याचा हेतू मनात नसताना त्याने तारखा लिहिल्या, म्हणूनच त्या साक्षीला उभ्या राहू शकल्या. नुकसान झाल्यावर पूर्वी काय होते ते मोजता येत नाही. आठवण सांगता येते, आणि आठवणीला तराजूत वजन नसते.

आपल्या गावातही विहिरीचे पाणी, पहिल्या पावसाचा दिवस, खात्यातल्या माणसाचा खोकला या गोष्टी रोज घडतात आणि लिहिल्यावाचून जातात. तक्रार नाही तोवर कशाला लिहायचे, असे आपण म्हणतो. कूपर बेटाचा इतिहास सांगतो की लिहिण्याची वेळ तीच असते.